भरल्या टाक्यांचे नियम, रिकाम्या टाक्यांची दोन वर्षे : स्पेनच्या ऑलिव्ह तेलबाजाराचा प्रकरण अभ्यास (२०१९–२०२५)

२०२० च्या जानेवारीत दक्षिण स्पेनमधील हाएन प्रांतातील ऑलिव्ह बागायतदारांनी महामार्ग अडवले. एका किलो तेलाला त्यांना जेमतेम दोन युरो मिळत होते आणि तेवढ्यात बागेचा खर्चही निघत नव्हता. चार वर्षांनी, २०२४ च्या जानेवारीत, त्याच प्रांतातील घाण्यांवर उत्तम प्रतीच्या तेलाचा भाव किलोला नऊ युरोंच्या आसपास पोहोचला होता, आणि एरवी महागड्या दारूच्या बाटल्यांना लावली जाणारी चोरीरोधक कुलपे स्पेनमधील सुपरमार्केटांनी तेलाच्या बाटल्यांना लावली होती.

या मधल्या काळात युरोपीय संघ आणि स्पेनचे सरकार हातावर हात ठेवून बसलेले नव्हते. साठवणुकीचे अनुदान, बाजारातून तेल काढून घेण्याचा अधिकार, खर्चाखालच्या खरेदीला बंदी, प्रतवारीचे नवे नियम अशी पावले लागोपाठ उचलली गेली. परंतु त्यांतील बहुतेक पावले भरून वाहणाऱ्या टाक्यांकडे पाहून टाकलेली होती आणि ती कागदावर पक्की होईपर्यंत टाक्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या. अतिरिक्त उत्पादनासाठी घडवलेली नियमव्यवस्था टंचाईत कशी वागली, याचा हा अभ्यास आहे.

बाजाराची घडण

जगातील जवळजवळ सर्व ऑलिव्ह तेल भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत निघते. सर्वसाधारण वर्षी जगाचे उत्पादन ३० लाख टनांच्या आसपास असते आणि त्यातील ४० टक्क्यांहून अधिक एकट्या स्पेनचे असते. स्पेनच्या उत्पादनाचा मोठा भाग दक्षिणेकडील आंदालुसिया या प्रदेशाचा, आणि आंदालुसियातही हाएनचा वरचष्मा इतका की पीक चांगले असेल त्या वर्षी जगातील दर पाच किलो तेलांपैकी साधारण एक किलो या एका प्रांताचे असते. हाएनचे क्षेत्रफळ आपल्या सोलापूर जिल्ह्याहून थोडे कमी आहे आणि तेथे ऑलिव्हची सुमारे ६ कोटी ६० लाख झाडे आहेत. एवढ्याशा मुलखातील पावसावर साऱ्या जगाचा भाव ठरावा, असे दुसरे खाद्यतेल नाही. बाटल्यांवर इटलीचे नाव अधिक दिसते हे खरे. पण इटली जेवढे तेल पिकवते त्याहून बरेच जास्त खाते आणि निर्यात करते, आणि ती तूट स्पेन, ग्रीस व ट्युनिशियातून टँकरने येणाऱ्या सुट्या तेलाने भरून निघते.

हाएनमधील फळतोडणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. बहुतेक शेतकऱ्यांची जमीनधारणा लहान असल्यामुळे फळ गावच्या सहकारी घाण्यावर जाते, तेथे तेल निघते आणि पोलादी टाक्यांत साठवले जाते. पुढे शुद्धीकरण करणारे, बाटलीबंद करणारे आणि निर्यातदार हे तेल टँकरने विकत घेतात. या घाण्यावरच्या भावाची नोंद हाएनजवळच्या मेंहीबार येथील एका प्रतिष्ठानाची यंत्रणा ठेवते, तर कोणत्या घाण्यात आणि कोणत्या बाटलीबंद कारखान्यात किती तेल शिल्लक आहे याचे मासिक आकडे सरकारी अन्न नियंत्रण संस्था प्रसिद्ध करते. त्यामुळे देशाच्या टाक्यांत किती तेल उरले आहे हे दर महिन्याला सर्वांना ठाऊक असते आणि भाव त्या आकड्याकडे पाहून चालतो. शेतकऱ्याचा भाव किलोवर ठरतो आणि ग्राहकाची बाटली लिटरवर, हे आकडे वाचताना विसरू नये. एक लिटर तेल सुमारे ९१६ ग्रॅम भरते, आणि वृत्तपत्रे या दोन मापांची सर्रास सरमिसळ करतात.

भावातील चढउतारापासून संरक्षण मिळावे म्हणून हाएनमध्ये २००४ साली या तेलाचा स्वतंत्र वायदेबाजार सुरू झाला होता. तो पुढे बंद पडला. त्यामुळे २०२२ मध्ये दुष्काळ आला तेव्हा शेतकरी, घाणा आणि बाटलीबंद करणारा या तिघांनाही पुढच्या भावाची हमी देणारे कोणतेही साधन जागेवर नव्हते.

स्वस्ताईचे संकट आणि त्यातून आलेले कायदे

२०१८-१९ च्या हंगामात स्पेनमध्ये तेलाचे प्रचंड पीक आले आणि भाव उतरू लागले. त्यातच १८ ऑक्टोबर २०१९ पासून अमेरिकेने स्पेनच्या बाटलीबंद ऑलिव्ह तेलावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. भांडण विमानांचे होते. एअरबस कंपनीला युरोपीय देशांनी दिलेल्या अनुदानांबद्दल जागतिक व्यापार संघटनेने अमेरिकेला प्रत्युत्तराची मुभा दिली होती आणि अमेरिकेने त्यासाठी जी यादी केली तिच्यात हाएनच्या शेतकऱ्याचे तेल सापडले. इटलीचे, ग्रीसचे व पोर्तुगालचे तेल तिच्यात नव्हते, आणि स्पेनचे सुटे तेलही नव्हते. परिणामी स्पेनच्या निर्यातदारांनी अमेरिकेच्या बाटल्यांत अन्य देशांचे तेल भरायला सुरुवात केली आणि स्पेनचे तेल स्पेनमध्ये पडून राहिले. हे शुल्क २०२१ च्या मार्चमध्ये स्थगित झाले.

या काळात ब्रुसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे, असलेले प्रमुख हत्यार म्हणजे खासगी साठवणुकीचे अनुदान. जुन्या काळी युरोपीय संघ स्वतः तेल विकत घेऊन ठेवत असे. १९९८ च्या सुधारणेत ती पद्धत मोडीत निघाली आणि तिच्या जागी, उत्पादकाने ठरावीक मुदतीसाठी आपले तेल टाकीत बंद ठेवावे आणि त्याबद्दल प्रतिटन प्रतिदिन भरपाई घ्यावी, अशी योजना आली. साखरेच्या राखीव साठ्याचे अनुदान ज्यांनी जवळून पाहिले आहे त्या महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. ही मदत केव्हा विचारात घ्यावी यासाठी नियमांत संदर्भभाव दिलेले आहेत: सर्वोत्तम प्रतीच्या एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी टनाला १,७७९ युरो, त्याखालच्या व्हर्जिनसाठी १,७१० आणि शुद्ध केल्यावाचून खाता न येणाऱ्या लाम्पांतेसाठी १,५२४.

हे आकडे गेल्या शतकाच्या शेवटी ठरले आणि त्यानंतर मजुरी, डिझेल, खत यांचे काय झाले याची दखल त्यांनी घेतलेली नाही. २०१९ मध्ये डोंगरउतारावरच्या पारंपरिक बागेत एक किलो तेल काढण्याचा खर्च अडीच युरोंच्याही वर जात असताना, भाव १.७८ युरोंच्या खाली आला नाही म्हणून संकट नाही, असा अर्थ त्या आकड्यांतून निघत होता. अखेर युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, उत्पादनखर्च आणि बाजाराची विशेष कठीण परिस्थिती हे अन्य निकष पुढे करून २०१९ च्या नोव्हेंबरात निविदा काढल्या. पहिल्या फेरीत मान्य झालेले प्रमाण नगण्य होते, कारण उत्पादकांनी मागितलेली भरपाई आयोगाला फार वाटली. फेब्रुवारी २०२० पर्यंतच्या चार फेऱ्यांत मिळून दोन लाख टनांहून थोडे अधिक तेल १८० दिवसांसाठी बाजूला ठेवले गेले. शेतकरी रस्त्यावर आले ते याच काळात. माझ्या मते या उपायाचा दोष त्याच्या आकारात नव्हता, वेळेत होता. जे तेल फेब्रुवारीत बंद झाले ते ऑगस्टमध्ये परत बाजारात येणारच होते.

या अनुभवातून दोन कायदे निघाले. पहिला अन्नसाखळीचा. स्पेनमध्ये २०१३ पासून असलेल्या या कायद्यात २०२० च्या फेब्रुवारीत वटहुकूमाने आणि २०२१ च्या डिसेंबरात पूर्ण दुरुस्तीने असे घालण्यात आले की साखळीतील प्रत्येक खरेदीदाराने विक्रेत्याला त्याचा उत्पादनखर्च भरून निघेल एवढा भाव दिला पाहिजे. सुपरमार्केटांनी गिऱ्हाईक खेचण्यासाठी ऑलिव्ह तेल तोट्यात विकायचे आणि तो तोटा हळूहळू मागे सरकत शेतकऱ्याच्या अंगावर यायचा, ही स्पेनमधील फार जुनी तक्रार होती.

दुसरा कायदा अधिक धाडसी होता. २०२० च्या डिसेंबरात युरोपीय संघाने सामाईक बाजारपेठेच्या नियमांत एक नवे कलम घालून ऑलिव्ह तेल उत्पादक सदस्यदेशांना पुरवठ्याचे नियमन करण्याची मुभा दिली. भाव ठरवून देता येणार नाही आणि पिकाचा अवाजवी हिस्सा अडवता येणार नाही, या दोन अटी तिच्यासोबत होत्या. स्पेनने दोन महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २०२१ रोजी, त्यावर आधारित शाही फर्मान काढले. जादा पिकाच्या वर्षी काही तेल पुढील हंगामासाठी अडवून ठेवण्याचा किंवा खाद्येतर वापराकडे वळवण्याचा आदेश कृषिमंत्रालय आता देऊ शकत होते, आणि तो आदेश सर्वांना बंधनकारक राहणार होता. सहकारी संघांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती, कारण ऐच्छिक साठवणुकीत जो तेल अडवतो तो खर्च सोसतो आणि जो अडवत नाही तो वाढलेल्या भावाचा लाभ घेतो.

दोन कोरडी वर्षे

२०२१-२२ च्या हंगामात स्पेनने सुमारे १४ लाख ९० हजार टन तेल काढले. पुढच्या हंगामात हा आकडा ६ लाख ६५ हजार टनांवर आला, म्हणजे निम्म्याहूनही खाली. ऑलिव्हचे झाड एक वर्ष भरभरून देते आणि पुढचे वर्ष हात आखडते, हे बागायतदाराला ठाऊक असते आणि बाजारही ते धरून चालतो. म्हणून २०२२-२३ ची घट मोठी असली तरी पुढच्या वर्षी भरून निघेल असा हिशेब होता. तो हिशेब २०२३ च्या वसंतात चुकला. २७ एप्रिल २०२३ रोजी कोर्दोबा विमानतळावर ३८.८ अंश तापमान नोंदले गेले, जे स्पेनच्या मुख्य भूमीवरील एप्रिलमधील उच्चांक ठरले. ऑलिव्हचा मोहोर त्यानंतर लगेच येतो. उष्ण आणि कोरड्या हवेत परागकण निकामी होतात आणि फळधारणा घटते. आंदालुसियातील ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यातील धरणे तोवर पाव भरलेली होती आणि ठिबकच्या बागांनाही पाण्याचा नेहमीचा वाटा मिळाला नाही. २०२३-२४ चे पीक साडेआठ लाख टनांच्या आसपास आले. आधीच्या वर्षाहून बरे, पण गरजेच्या बरेच खाली.

दोन वाईट वर्षे पाठोपाठ आली की शिल्लक साठा संपतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी स्पेनच्या टाक्यांत मागील हंगामाचे साडेचार लाख टन तेल होते, वर्षभराने अडीच लाखांच्या आसपास आणि २०२४ च्या ऑक्टोबरात दोन लाखांहून कमी. एरवी महिन्याला एक लाख टनांहून अधिक तेल घाण्यांबाहेर पडते, हे लक्षात घेतले तर नवे तेल येईपर्यंतचे अंतर किती अरुंद झाले होते हे कळते. हाएनमधील एक्स्ट्रा व्हर्जिनचा भाव २०२२ च्या आरंभी साडेतीन युरोंच्या आत होता, २०२३ च्या आरंभी पाचाच्या वर, त्या वर्षीच्या सप्टेंबरात आठाच्या वर आणि जानेवारी २०२४ मध्ये नवाच्या घरात.

युक्रेन युद्धाचाही यात हात होता. स्पेनला लागणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा भाग युक्रेनमधून येत असे आणि २०२२ च्या मार्चमध्ये दुकानांनी गिऱ्हाईकामागे बाटल्यांची मर्यादा घातली होती, त्यामुळे काही मागणी ऑलिव्हकडे वळली. मात्र सूर्यफूल तेल पुढे स्वस्त झाले, आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत स्पेनच्या घरांसाठी विकल्या गेलेल्या तेलात सूर्यफुलाने ऑलिव्हला मागे टाकले. ऑलिव्ह तेलाशिवाय स्वयंपाक ज्यांना ठाऊक नाही अशा देशातील ही गोष्ट आहे.

सरकारच्या हाती काय उरले

२०२१ च्या फर्मानाचा या टंचाईत काहीच उपयोग नव्हता. बाजारातून तेल काढून घेण्याचा अधिकार होता, बाजारात तेल आणण्याचा नव्हता. खासगी साठवणुकीची योजना आयोगाच्या हाती होती, पण तिच्यातून आयोगाच्या मालकीचा राखीव साठा कधी तयार होत नाही. मुदत संपली की तेल उत्पादकाचेच असते. चांगल्या वर्षी तेल अडवून वाईट वर्षी सोडण्याची तरतूद खरोखर वापरली गेली असती तर काही फरक पडला असता काय, हा प्रश्न योग्य आहे. २०२१-२२ मध्ये १४ लाख ९० हजार टन तेल निघाले तेव्हा भाव समाधानकारक होता आणि तेल अडवण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. टंचाईसाठी साठा करायचा तर तो स्वस्ताईच्या नव्हे, सुबत्तेच्या वर्षी करावा लागतो, आणि हा कायदा भाव पडल्यावाचून जागा होत नाही.

उरला तो कर. स्पेनने २०२३ च्या आरंभी ऑलिव्ह तेलावरील मूल्यवर्धित कर १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, १ जुलै २०२४ पासून तो शून्य केला, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात २ टक्के आणि २०२५ च्या आरंभापासून ४ टक्के ठेवला. पाव, दूध, अंडी अशा जीवनावश्यक वस्तूंच्या सर्वांत खालच्या करगटात ऑलिव्ह तेल कायमचे आले, एवढी या संकटाची एक टिकाऊ फलश्रुती. मात्र बाटलीची किंमत दुपटीहून अधिक झालेली असताना पाच टक्क्यांची सूट ही दिलाशापेक्षा सद्भावनेचीच खूण होती.

युरोपबाहेरच्या देशांनी अधिक थेट मार्ग धरला. तुर्कस्तानने २०२३ च्या उन्हाळ्यात सुट्या तेलाची निर्यात थांबवली, सीरियाने आणि मोरोक्कोनेही निर्यातीला लगाम घातला. स्वतःच्या नागरिकांना तेल परवडावे हा हेतू होता. परिणाम असा झाला की त्या देशांतील उत्पादकाला जगातील विक्रमी भाव मिळाला नाही आणि उरलेल्या पुरवठ्यासाठी युरोपात चढाओढ वाढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी सोसलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याला यातील गणित समजावून सांगण्याची गरज नाही. ट्युनिशियाची गोष्ट निराळी. त्याला युरोपीय संघात वर्षाला ५६,७०० टन तेल बिनशुल्क पाठवता येते. त्यापुढील तेलावर टनामागे हजार युरोंहून अधिक शुल्क आहे, अपवाद फक्त युरोपात भरून बाहेर पाठवायच्या तेलाचा. नऊ हजार युरो टनाच्या बाजारातही ही मर्यादा जागची हलली नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये ट्युनिशियाला मदत म्हणून दरवर्षी ३५,००० टनांचा जादा कोटा देण्यात आला होता, म्हणजे ही मर्यादा ढळूच शकत नाही असेही नव्हते. टंचाईत युरोपाकडे खरोखर वापरण्याजोगी एकच कळ होती आणि ती दाबण्याची राजकीय इच्छा दिसली नाही, असे माझे मत आहे.

बाटलीतील तेल ओळखायचे कसे

भाव चढला की भेसळ चढते, आणि ऑलिव्ह तेलाच्या नियमनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईने घडवलेला भाग हाच आहे. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली स्थापन झालेली आणि माद्रिदमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद प्रतवारीचे निकष आणि चाचण्यांच्या पद्धती ठरवते. युरोपीय संघ ते कायद्यात उतरवतो. १९९१ पासून चालत आलेला मूळ नियम २०२२ मध्ये दोन नव्या नियमांनी बदलला, एक विपणनाच्या मानकांचा आणि दुसरा तपासणीचा.

मुक्त आम्लता ०.८ टक्क्यापर्यंत असेल तर तेल एक्स्ट्रा व्हर्जिन होऊ शकते, २ टक्क्यांपर्यंत व्हर्जिन, आणि त्यापुढे लाम्पांते, म्हणजे शब्दशः दिव्याचे तेल. लाम्पांते खाण्यासाठी विकता येत नाही, आधी शुद्ध करावे लागते. शुद्ध केलेल्या तेलात थोडे व्हर्जिन मिसळून जे तयार होते ते नुसते ‘ऑलिव्ह तेल’ या नावाने विकले जाते, आणि पेंडीतून द्रावकाने काढलेले ते पोमेस. भारतातील शहरांत ‘तळणीसाठी’ म्हणून खपणारे बरेच तेल या शेवटच्या दोन जातींचे असते. आपल्याकडे बाळाच्या मालिशीसाठी पिढ्यान्‌पिढ्या घरी येणाऱ्या फिगारोच्या डब्यामुळे ऑलिव्ह तेल हे एकच एक द्रव्य आहे असा समज पक्का झाला आहे; बाजारात ते चार-पाच वेगवेगळ्या किमतींचे माल आहेत आणि फसवणूक बहुधा त्यांच्यामधल्या पायऱ्यांवर होते.

प्रयोगशाळा बरेच काही पकडते. सूर्यफूल किंवा अन्य बियांचे तेल मेदाम्लांच्या आणि स्टेरॉलांच्या प्रमाणावरून उघडे पडते, शुद्धीकरणाच्या खुणा स्टिग्मास्टाडायीन या संयुगांत उरतात, आणि आंबलेल्या फळाच्या तेलावर मंद आचेने दुर्गंध काढण्याची क्रिया केली असेल तर इथाइल एस्टरांची २०११ मध्ये घातलेली मर्यादा ते अंशतः ओळखू शकते. परंतु एक्स्ट्रा व्हर्जिन आणि व्हर्जिन यांतील शेवटचा निवाडा माणसाची जीभ करते. आठ ते बारा प्रशिक्षित चवपारखी, रंग दिसू नये म्हणून गडद काचेच्या पेल्यांत, २८ अंशांच्या आसपास तापवलेले तेल चाखतात. त्यांच्या गुणांचा मध्यक दोषांसाठी शून्य आणि फळाच्या गंधासाठी शून्याहून अधिक असेल तरच तेलाला एक्स्ट्रा हे विशेषण मिळते. जगात कायद्याने चवीवर इतका भार टाकलेला दुसरा खाद्यपदार्थ विरळाच. बाटलीबंद करणाऱ्या उद्योगाची तक्रार अशी की घाण्यावर उत्तम ठरलेले तेल सहा महिने दुकानाच्या उजेडात राहिले की चवपारख्यांच्या दुसऱ्या मंडळाला त्यात दोष आढळतो आणि दंड बाटलीवरच्या नावाला बसतो. तक्रारीत तथ्य आहे. तरीही चवीची परीक्षा काढून टाकली तर या प्रतीला अर्थ उरत नाही, कारण ग्राहक जे जास्तीचे पैसे मोजतो ते त्या गंधासाठीच.

टंचाईच्या काळात या यंत्रणेची एक बाजू उघडी पडली. नियमाप्रमाणे सदस्यदेशाने बाजारात येणाऱ्या दर हजार टनांमागे वर्षाला किमान एक तपासणी करायची असते. म्हणजे किमान तपासण्यांची संख्या खपाला बांधलेली आहे. खप घटला की बंधन घटते, आणि खप घटतो तो नेमका भाव भडकल्यामुळे, म्हणजे भेसळीचा मोह सर्वाधिक असतो तेव्हा. जोखमीचे मोजमाप करताना इतर तेलांच्या तुलनेतील भावही पाहावा अशी सूचना नियमात आहे, त्यामुळे जागरूक यंत्रणा तपासण्या वाढवू शकते. पण वाढवलेच पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही.

२०२३ च्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या पोलिसांनी युरोपीय संघाच्या युरोपोल या पोलीस संस्थेच्या साहाय्याने ११ जणांना अटक केली आणि २ लाख ६० हजार लिटरहून अधिक तेल जप्त केले. निकृष्ट लाम्पांते मिसळून ते वरच्या प्रतीचे म्हणून विकले जात होते. त्याच वर्षी कोर्दोबा प्रांतातील कार्काबुएय गावच्या एका घाण्यातून ५० हजार लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन चोरीला गेले. तेल टँकरने चोरले जाते याचा अर्थ त्याला विचारणा न करता घेणारा गिऱ्हाईक साखळीत कोठेतरी बसलेला आहे, आणि माझ्या दृष्टीने चोरीपेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

स्पेनला या बाबतीत हळवे असण्याचे जुने कारणही आहे. १९८१ मध्ये औद्योगिक वापरासाठी ॲनिलीन मिसळलेले मोहरीवर्गीय रेपसीडचे तेल फेरशुद्ध करून फेरीवाल्यांनी ऑलिव्ह तेल म्हणून दारोदार विकले. सुमारे वीस हजार माणसे आजारी पडली आणि शेकडो दगावली. उपाहारगृहांत टेबलावरच्या तेलाच्या पुन्हा भरता येणाऱ्या कुप्या बंद करण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१३ च्या मे महिन्यात थट्टा सहन न होऊन मागे घेतला, तर स्पेनने तोच नियम २०१४ पासून स्वतःपुरता लागू केला, त्यामागे ही आठवण काही अंशी असावी.

लाभ कोणाला झाला

नऊ युरोंचा भाव ऐकून हाएनचा शेतकरी श्रीमंत झाला असे वाटते. ज्याच्याकडे तेल होते तो झाला. पावसावर अवलंबून असलेल्या डोंगरउतारावरच्या बागेत नेहमीच्या एक तृतीयांश फळ आले असेल तर तिप्पट भावाने तो जागच्या जागी राहिला, आणि तोडणीच खर्चिक ठरल्यामुळे काहींनी फळ झाडावरच सोडले. बाटलीबंद करणाऱ्यांची अवस्था याहून बिकट होती. महिन्यापूर्वी ठरलेल्या भावाने सुपरमार्केटला माल द्यायचा आणि आज चढलेल्या भावाने टँकर घ्यायचा, या कात्रीत त्यांचे खेळते भांडवल अडकले. अन्नसाखळीच्या कायद्याने शेतकऱ्याच्या खर्चाला हमी दिली होती, पण भाव खर्चाच्या तिप्पट असताना ती हमी निरर्थक होती.

खरा लाभ पाण्याजवळच्यांना झाला. पोर्तुगालच्या अलेंतेजो भागात आल्केव्हा धरणाच्या पाण्यावर, द्राक्षबागेसारख्या ओळींत लावलेल्या आणि यंत्राने तोडल्या जाणाऱ्या आर्बेकिना जातीच्या बागांनी दुष्काळातही तेल दिले, आणि त्यांचा खर्च पारंपरिक बागेच्या बराच खाली आहे. इटलीच्या पुलिया भागात झायलेला या जिवाणूने २०१३ पासून लक्षावधी जुनी झाडे वाळवली, तेथेही पुनर्लागवड याच घट्ट पद्धतीने सुरू आहे. चढ्या भावाच्या दोन वर्षांत अशा लागवडीत भांडवल आले, आणि ती झाडे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ देऊ लागतात.

परतीचा भाव

२०२४ च्या शरदात आणि २०२५ च्या वसंतात आंदालुसियात पाऊस झाला. २०२४-२५ च्या हंगामात स्पेनने पुन्हा १४ लाख टनांच्या वर तेल काढले, ट्युनिशिया आणि तुर्कस्तानचेही पीक भरघोस आले. हाएनमधील भाव सप्टेंबर २०२४ मध्ये सात युरोंच्या आसपास होता. जानेवारी २०२५ पर्यंत तो सव्वाचारवर आणि वर्षाच्या मध्यापर्यंत साडेतीनच्या जवळ आला. दुकानातील भाव काही महिने मागे रेंगाळत खाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे १५ टक्के शुल्क युरोपीय संघाच्या बहुतेक मालावर लागू झाले. या खेपेस स्पेन एकटा नव्हता, त्यामुळे युरोपातल्या दुसऱ्या देशाचे तेल भरून वाट काढण्याची सोयही नव्हती.

भाव घसरताच २०२१ च्या फर्मानाची आठवण सर्वांना झाली. २०२५ मध्ये तेल अडवण्याच्या नियमावर मंत्रालय आणि उत्पादक संघटना यांच्यात पुन्हा चर्चा सुरू झाली. उंच पर्वतउतारावरच्या बागांचे संघ तो लागू व्हावा म्हणत होते, निर्यातदार नको म्हणत होते, कारण दोन वर्षांत गमावलेले परदेशी गिऱ्हाईक त्यांना तेव्हाच परत मिळू लागले होते आणि त्याला स्वस्त तेल हवे होते. साठवणुकीच्या मदतीचा संदर्भभाव अजूनही टनाला १,७७९ युरो असाच नियमांत छापलेला आहे.